पत्रिकेतला मंगळ आणि आभाळातला मंगळ



स्थळ जमत आलं की पत्रिका निघते, आणि "मुलीला मंगळ आहे" एवढ्या एका वाक्यावर बैठक मोडते. हे नाव आपल्या घरोघरी माहीत आहे. पण आपल्यापैकी किती जणींनी मंगळ डोळ्यांनी पाहिला आहे? आज आपण तो कसा पाहायचा ते बोलू, आणि आपल्या आधी तो कोणी आणि कसा पाहिला तेही ऐकू.

ग्रह पाहायला दुर्बीण लागत नाही. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह माणसानं नुसत्या डोळ्यांनी ओळखले. गॅलिलिओनं दुर्बीण आभाळाकडे वळवली ती १६०९ साली. त्याआधी हजारो वर्षं लोक अंगणातून आणि रानातूनच पाहत होते. त्यांची रीत साधी होती. चांदण्या एकमेकींची सोबत सोडत नाहीत. सप्तर्षी आजीच्या लहानपणी जसे होते तसेच आजही आहेत. पण काही ठिपके चांदण्यांमधून हळूहळू सरकतात. सरकतो तो ग्रह.

शुक्राची चांदणी तर आपल्या ओळखीची. ती वर आली की जात्यावर बसायचं, हे जुन्या बायकांचं घड्याळ. पण ती बारा महिने पहाटे नसते. काही महिने पहाटे पूर्वेला दिसते, मग सूर्याच्या तेजात हरवते आणि पुढे संध्याकाळी पश्चिमेला उगवते. पंचांगातला 'शुक्राचा अस्त' तो हाच. आजच्या इराकमध्ये बाबिलोन नावाचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या उदय-अस्तांची २१ वर्षांची नोंद ठेवली. मातीच्या पाट्यांवरच्या तिच्या नकला आजही जपलेल्या आहेत. दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच तारखांना त्याच जागी येतो, हे अशा नोंदींतूनच कळलं.

आपल्याकडेही हेच झालं. गुरूला आभाळाची एक फेरी करायला सुमारे १२ वर्षं लागतात, म्हणून नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. शनीला साधारण ३० वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. हा सगळा चालीचा हिशेब आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहून हा हिशेब सोपा केला. त्यावरून पुढे कित्येक वर्षं पंचांगं तयार होत राहिली.

मंगळ मात्र अवघड. तो चालता चालता थांबतो, काही आठवडे उलटा जातो, मग पुन्हा सरळ. त्याला वक्री म्हणतात. डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे यांनी दुर्बिणीशिवाय वर्षानुवर्षं मंगळाच्या जागा मोजल्या. त्यांची धाकटी बहीण सोफी हिलाही आभाळाची ओढ होती. या शास्त्रात शिरू नकोस, असं भावानं सुचवलं, तरी ती स्वतः पुस्तकं मिळवून शिकली. १५७३ सालच्या चंद्रग्रहणाच्या कामात तिनं भावाला हातभार लावला. टायकोंच्या नोंदी केप्लर यांच्या हाती आल्या, आणि १६०९ साली त्यांनी सिद्ध केलं की मंगळाची वाट गोल नसून थोडी लांबट आहे. उलट्या चालीचं कोडंही त्यात नीट बसलं. आपली एसटी बैलगाडीला मागे टाकते तेव्हा गाडी मागे सरकल्यासारखी वाटते ना, तसंच पृथ्वी मंगळाला मागे टाकते. तो कोणावर रुसून मागे फिरत नाही. पुढे केप्लर यांची किचकट कोष्टकं मारिया कुनित्झ या बाईनं सोपी केली. १६५० साली तिनं आपलं पुस्तक लॅटिनबरोबर जर्मनमध्येही छापलं, म्हणजे पंडितांशिवाय इतरांनाही ते वाचता यावं.

आता पत्रिकेचा हिशेब आपणच करू. पत्रिकेत बारा घरं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला की "मंगळ आहे" म्हणतात. म्हणजे बारापैकी पाच घरं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दिवसाच्या चोवीस तासांत मंगळ ही सगळी घरं फिरून येतो. तेव्हा दररोज साधारण दहा तासांत जन्मलेल्या सगळ्या बाळांना मंगळ असतोच, मुलग्यांनाही. मग बैठक बहुतेक मुलीच्याच मंगळावर का मोडते?

२४ सप्टेंबर २०१४ रोजी आपलं मंगळयान मंगळाभोवती फिरू लागलं. त्या मोहिमेच्या उपसंचालन प्रमुख रितू करिधाल या एक बाईच होत्या.

तर सख्यांनो, आता पाहायचं कसं? अंगणातला दिवा मालवा आणि दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. सूर्य-चंद्र ज्या वाटेनं जातात त्याच वाटेवर शोधा. चांदण्या लुकलुकतात, ग्रह बहुधा शांत तेवतो. तांबूस दिसला तर लगेच मंगळ म्हणू नका, कारण रोहिणी आणि ज्येष्ठा याही तांबूस आहेत. शेजारच्या चांदण्यांसकट त्याची जागा वहीत काढून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा. सरकला असेल तर तो मंगळ. दर २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला गाठते. त्या सुमारास तो दिवस मावळताच पूर्वेला उगवतो आणि निखाऱ्यासारखा रात्रभर दिसतो.

बचत गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवू या. आणि पाहायला बसताना घरातल्या लेकींना शेजारी घेऊन बसू या. ज्याच्या नावानं त्यांना नाकारतात, तो मंगळ त्यांनी आधी स्वतः पाहिलेला असू दे.