नव्याचा सण ते मलिदा : रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेले उत्सव

एखाद्या समाजाचा इतिहास लिहायचा तर आपण प्रथम शिलालेख, दानपत्रे, बखरी आणि दप्तरे शोधतो. ज्या समाजाने यांपैकी फारसे काही मागे ठेवले नाही, त्याचा इतिहास कुठे पाहावा? रायगडच्या किनाऱ्यावर मराठीचे अध्यापन करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो, आणि तो येतो बेने इस्राएल समाजाच्या निमित्ताने. केहीमकर, पेणकर, झिराडकर, नवगावकर, अष्टमकर, राजपूरकर ही आडनावे आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या शेजारगावांची म्हणून ओळखीची वाटतात. ती आज दिमोना, रामला, लोद, अश्दोद आणि बीरशेबा या गावांतील घरांवर हिब्रू लिपीत आढळतात हे सांगितले की वर्गात क्षणभर शांतता पसरते. या समाजाचा इतिहास त्याच्या सणांत, सणांच्या नावांत आणि सणाच्या ताटात टिकून राहिला, असे आमचे मत आहे. परदेशी गेल्यावर त्या ताटाचे काय झाले, हे पाहणे म्हणूनच केवळ कुतूहलाचे काम उरत नाही.

समाजाची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्याजवळची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. ही घटना कोणत्या शतकातली याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण परंपरेचा आशय स्पष्ट आहे. ग्रंथ गेले, आठवण उरली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्यातील काही निषेध आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर ते या किनाऱ्यावर राहिले, आणि आजूबाजूच्या मराठीत आपले पंचांग रचत गेले.

या पंचांगाची नोंद हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी करून ठेवली. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला होता, परंतु तो छापला गेला १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीवमध्ये. वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. योम किप्पुर म्हणजे 'दारफळणीचा सण'. दारे बंद करून, शुभ्र वस्त्रे नेसून, कोणाचा स्पर्श न होऊ देता उपवास करण्याचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण' दानधर्माचा. 'खिरीचा सण' नव्या धान्याच्या खिरीचा. पुरीम तो 'होळीचा सण', आणि वल्हांडण तो 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याचा आव महिन्यातील नववा दिवस येथे 'बिरड्याचा सण' झाला. एलुल महिन्याला 'रमजान' म्हणत, काही उपवासांना 'रोजा' म्हणत, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या दिवसाला 'एलियाहू हनाबीचा उरूस'.

या यादीकडे भाषेचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, शेजाराची. सण, होळी, शिळा हे शब्द हिंदू शेजाऱ्यांचे. उरूस, रोजा, रमजान हे मुसलमान शेजाऱ्यांचे. आणि त्या सर्वांखाली वाहणारा काळ हिब्रू. दोन्ही पंचांगे चंद्राची आणि अधिक मास पाळणारी असल्यामुळे पुरीम बहुधा होळीच्या पौर्णिमेच्या जवळ येतो. तेव्हा हे नामकरण अज्ञानातून झालेले नाही. एकाच चंद्राकडे पाहणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेली ती ओळख आहे. दुसरी गोष्ट जमिनीची. वालाला मोड आणून, सोलून केलेले बिरडे हे रायगडच्या स्वयंपाकघराचे खास लेणे. जेरुसलेमचा शोक पाळताना मांस वर्ज्य करायचे, आणि पावसाळ्यात घरात जे असते ते केळीच्या पानावर वाढायचे. दोन हजार वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेल्या मंदिराची आठवण वालाच्या बिरड्यातून जपली जावी, यापेक्षा स्थानिकतेचा मोठा पुरावा कोणता असू शकेल?

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोचीनचे यहुदी शिक्षक, आणि पुढे ख्रिस्ती मिशनरी, यांच्यामुळे या समाजाला हिब्रू ग्रंथपरंपरा नव्याने भेटली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये पहिले सभागृह बांधले होतेच. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथेही सभागृहे झाली. सण हळूहळू हिब्रू नावांनी साजरे होऊ लागले. परंतु मराठी मागे हटली नाही, तिने फक्त काम बदलले. १८७४ मध्ये पुण्यात छापल्या गेलेल्या वल्हांडणाच्या हग्गादात हिब्रूसमोर मराठी पाठ आहे, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चित्रात साडी नेसून बसल्या आहेत. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी बायबलातील आख्याने कीर्तनाच्या साच्यात बसवली. अब्राहाम आणि मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, ओवीतून गायिली जाऊ लागली. मराठी कीर्तनपरंपरेचा इतिहास शिकवताना हे पान आपण बहुधा उलटूनच जातो.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि स्थलांतर सुरू झाले. त्यामागे छळ नव्हता. या भूमीत आपला छळ झाला नाही, हे या समाजाने नेहमीच कृतज्ञतेने सांगितले आहे. ओढ धर्माची होती, आणि संसाराच्या बऱ्या दिवसांच्या आशेचीही. मात्र तिकडचे पहिले दिवस सुखाचे नव्हते. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी धरणे धरून आपल्याला भारतात परत पाठवावे अशी मागणी केली. काही जण परतलेही, आणि त्यांतील बहुतेक कालांतराने पुन्हा गेले. खरा आघात पुढे होता. १९६० नंतर तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी शंका उपस्थित केली. १९६२ मधील सूचनांनुसार अन्य यहुदी कुटुंबाशी विवाह जुळवताना त्यांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी होणार होती. ज्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या त्यांच्याकडे वंशावळीचे कागद मागितले जात होते! जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने, क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला. त्यानंतर त्या सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

या काळात मलिद्याचे ताट घरोघरी मांडले जातच होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची आणि सुका मेवा. भोवती खजूर, केळी आणि इतर फळे, सोबत एखादे सुवासिक फूल. झाडाच्या फळासाठी एक आशीर्वचन, भूमीच्या फळासाठी दुसरे, सुगंधासाठी तिसरे. यहुदी धर्मशास्त्राच्या वर्गवारीत केळे भूमीच्या फळांत येते, म्हणून त्याला या ताटात खजुराइतकाच मान. एलियाहूची स्तुती हिब्रूतून गायची आणि प्रसाद वाटायचा. लग्नाआधीची मेंदी असो, नवे घर असो, बाळाचे आगमन असो, आजारातून उठणे असो, नवस फेडायचा तो मलिद्याने. तिकडे या प्रसंगांत आणखी एकाची भर पडली : सैन्यातील सक्तीची सेवा संपवून मुलगा किंवा मुलगी सुखरूप घरी येणे. दिमोना हे नेगेवच्या वाळवंटातले, १९५५ मध्ये वसवलेले गाव. पोहे आणि नारळ यांपैकी काहीच तेथे पिकत नाही. तरीही हे ताट सुटले नाही. ज्या समारंभाला धर्मग्रंथात नाव नाही, त्यालाच लोकांनी सर्वांत घट्ट धरून ठेवले, याचे कारण आम्हाला असे दिसते : बाकीचे सण तेथे सर्वांचे होते, मलिदा तेवढा आपला होता.

सहलींचीही गोष्ट अशीच. हैफाजवळ कार्मेल डोंगरावर एलियाहूची गुहा आहे. इस्रायलमधील बेने इस्राएल कुटुंबे तेथे डबे बांधून दर्शनाला जातात. बायबलनुसार एलियाहूची कर्मभूमी ती हीच. परंतु समाजाच्या श्रद्धेनुसार स्वर्गाकडे जाताना एलियाहूचा अग्निरथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला होता, आणि रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या खुरांच्या खुणा तेथील कातळावर आहेत. जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि येणेजाणे सोपे झाले. तेव्हापासून कार्मेलच्या अंगणात राहणारी माणसे खंडाळ्याच्या कातळाकडे येत राहिली आहेत. पवित्र भूमीतून पवित्र भूमीकडे अशी ही उलटी यात्रा आहे.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या कातळापाशी गेलो असता असाच एक जथा आला होता. त्यांतल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या हातावर मलिदा ठेवला. त्यांचे मराठी आमच्या आजीच्या पिढीचे होते. 'इथला पोहा जाडा, तिथं असा मिळत नाही गो,' असे त्या आमच्या एका विद्यार्थिनीला सांगत होत्या. त्यांची नात शेजारी उभी होती. तिला मलिदा, मेंदी, करंजी, पुरणपोळी हे शब्द येत होते. त्यांना जोडणारे वाक्य येत नव्हते. विद्यार्थिनीने त्यांना 'बिरड्याचा सण' माहीत आहे का असे विचारले. बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, 'माझी आई म्हणायची. मी नाही कधी म्हटलं.'

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. इस्रायलमधील भारतीय वंशाच्या यहुद्यांची संख्या भारतीय दूतावासाच्या अंदाजानुसार सुमारे ८५,०००, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातून गेलेले. तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले गेले, स्त्रियांनी कीर्तनाची पदे जपली. पण नावे आईपर्यंत, वाक्ये आजीपर्यंत, आणि नातीपाशी उरला तो पदार्थ, असा हा उतरता क्रम आहे. त्याचा दोष त्या समाजाला देता येणार नाही. दोष असलाच तर तो आपला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मराठी वाङ्मयेतिहासाने मात्र त्यांच्या कीर्तनांना आणि मराठी हग्गादाला अजून पुरेशी जागा दिलेली नाही. मीरा महादेवन यांनी हिंदीतून, एस्तेर डेव्हिड यांनी इंग्रजीतून या समाजाची कादंबरी लिहिली. डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल'मधली रेचल तर आमच्याच किनाऱ्यावरच्या दांड्याची. ही माणसे ज्या भाषेत सण करीत, त्या भाषेच्या अभ्यासकांनी आता तरी मागे राहू नये.

या वर्षी पावसाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांना एक छोटे काम दिले आहे. आपापल्या गावातल्या वृद्धांना विचारा, शेजारी कोण तेली राहत होते, त्यांच्याकडून सणाला काय यायचे, आणि त्या सणाला ते काय म्हणत. वाल तर दरवर्षी पिकतच आहेत. त्यांचे एक नाव शेजारघरी राहून गेले आहे, ते विचारून घ्यायचे आहे.