शिशाचा माग

प्रयोगाचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, की आपण विद्यार्थ्यांना 'पुन्हा मोजा' म्हणतो. शिकागो विद्यापीठात १९४०च्या दशकाच्या अखेरीस क्लेअर पॅटरसन हे संशोधक विद्यार्थीही पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि उत्तर चुकतच होते.

युरेनियमचा ऱ्हास होत शेवटी शिसे बनते. ऱ्हासाचा वेग ठाऊक असल्याने दोहोंच्या प्रमाणावरून खडकाचे वय काढता येते. मार्गदर्शक हॅरिसन ब्राउन यांनी झिरकॉनच्या बारीक स्फटिकांतील शिसे मोजण्याचे काम पॅटरसन यांच्याकडे सोपवले होते. सहकारी जॉर्ज टिल्टन यांचे युरेनियमचे आकडे जुळत. पॅटरसन यांचे शिसे मात्र कितीतरी जास्त भरे.

ते येत होते काचेच्या भांड्यांतून, रसायनांतून, पाण्यातून, हवेतल्या धुळीतून. पॅटरसन यांनी एकेक वाट शोधून बंद केली. (हे काम किती कंटाळवाणे असेल, हे प्रयोगशाळेत भांडी घासलेल्यांनाच कळेल!) पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ साली अशनींतील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे जाहीर केले.

पाठ्यपुस्तकातील गोष्ट बहुधा इथे संपते. पण खोडसाळ शिशाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. समुद्राच्या वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा शिसे बरेच जास्त आढळले. म्हणजे ते अलीकडेच आलेले असणार. १९२३ पासून इंजिनातील ठोके टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते. शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिकच, असे उद्योगाच्या पैशावर संशोधन करणारे रॉबर्ट केहो सांगत. पॅटरसन यांनी १९६५ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले: सर्वत्र आढळते म्हणून ते नैसर्गिक कसे? शिसेमुक्त माणूस तुलनेला मिळतच नव्हता. ग्रीनलंडच्या जुन्या बर्फाने मात्र पूर्वीच्या स्वच्छ हवेची साक्ष दिली. आमच्या मते केहोंवरचे हे उत्तर पृथ्वीच्या वयाइतकेच मोलाचे आहे, कारण शिशाने सर्वाधिक हानी होते ती लहान मुलांच्या मेंदूची.

अमेरिकेत १९७०च्या दशकात पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले, आणि लोकांच्या रक्तातील शिसेही झपाट्याने घटले. पॅटरसन डिसेंबर १९९५ मध्ये वारले. तेथील रस्त्यांवरच्या वाहनांसाठी पूर्ण बंदी जानेवारी १९९६ पासून आली. भारतात २००० साली आणि सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ साली असे पेट्रोल बंद झाले. रस्त्याकडेच्या मातीत मुरलेले शिसे मात्र तिथेच आहे; ते मूलद्रव्य असल्याने कुजत नाही की विरघळून नाहीसे होत नाही.