खासगी पॅकेज रजिस्ट्री

सॉफ्टवेअरची पॅकेजे ठरावीक वापरकर्त्यांसाठी साठवणारा व पुरवणारा सर्व्हर. संस्थेतला कोड सहकाऱ्यांना देणे आणि सार्वजनिक प्रकाशनाआधी पॅकेज तपासणे, हे तिचे मुख्य उपयोग. जावास्क्रिप्टमध्ये २०१० साली सुरू झालेली एनपीएम ही सर्वांत मोठी सार्वजनिक रजिस्ट्री असून खासगी रजिस्ट्रीसाठी व्हर्दाचो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रचलित आहे. सिनोपिया या प्रकल्पातून ते २०१६ मध्ये वेगळे झाले.

गरज : सार्वजनिक प्रकाशन सहसा मागे घेता येत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेताच त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड बंद पडले. त्यानंतर एनपीएमने नियम कडक केले. आता प्रकाशनानंतर ७२ तास उलटले की पॅकेज काढण्यावर कडक अटी लागू होतात. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक तर त्या पॅकेजला पुन्हा कधीच मिळत नाही.

चाचणी : व्हर्दाचो स्वतःच्या संगणकावर ४८७३ या पोर्टवर चालते. मागितलेले पॅकेज स्वतःकडे नसेल, तर ते सार्वजनिक रजिस्ट्रीतून आणून साठवते. वापरकर्ता नोंदवून पॅकेज तेथे प्रकाशित करतात आणि कोऱ्या प्रकल्पात इन्स्टॉल करतात. लेखकाच्या फोल्डरमध्ये सगळ्याच फाइली हाताशी असतात. वापरकर्त्याला मात्र प्रकाशनात समाविष्ट केलेल्याच मिळतात. त्यामुळे बिल्ड न झालेला कोड, प्रवेश-फाइलचा चुकीचा पत्ता, केवळ विकासासाठी नोंदवलेले पण प्रत्यक्ष चालताना लागणारे पॅकेज, अशा चुका येथेच उघड होतात. बॅबेलसारखे मोठे प्रकल्पही अशा चाचण्यांसाठी व्हर्दाचो वापरतात.

सुरक्षितता : कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांचीच नावे देऊन सार्वजनिक रजिस्ट्रीत पॅकेजे टाकली, तर कंपन्यांच्या यंत्रणा ती उचलतात, हे सुरक्षा-संशोधक अ‍ॅलेक्स बिरसान यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. अ‍ॅपल व मायक्रोसॉफ्टही त्यातून सुटल्या नाहीत. म्हणून अंतर्गत पॅकेजांच्या नावाआधी संस्थेचा स्कोप (राखीव उपसर्ग) लावावा, त्या नावांसाठी सार्वजनिक रजिस्ट्रीकडे जाणारा मार्ग बंद ठेवावा आणि प्रकाशनाचा पत्ता पॅकेजच्या माहिती-फाइलमध्येच पक्का करावा.

एका पॅकेजवर हजारो अनोळखी लोकांचे काम उभे असू शकते. प्रकाशनाआधी ते वापरकर्त्याच्या जागी बसून तपासणे हे लेखकाचे किमान कर्तव्य होय.