मुरगाव बंदर

मुरगाव (मार्मगोवा) : गोव्यातील मोठे बंदर. झुआरी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, समुद्रात शिरलेल्या डोंगरी टोकाच्या आडोशाला ते वसले आहे. लगतचे शहर वास्को-द-गामा. पावसाळा लागला की पश्चिम किनाऱ्यावरची बहुतेक लहान बंदरे दोनचार महिने दार लावून बसतात. मुरगावला डोंगराची पाठ आहे, पुढे लाटारोधक बांध आहे आणि धक्क्याशी खोल पाणी आहे, त्यामुळे भर आषाढातही इथे मोठी जहाजे लागतात.

टोकावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १६२४ मध्ये बांधायला घेतला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजा जुवे बेटावर उतरल्या आणि गोवे शहराच्या वेशीशी पोचल्या, तेव्हा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने राजधानीच उचलून मुरगावला नेण्याचे ठरवले. बांधकामे सुरू झाली, अर्धवट राहिली, पुन्हा सुरू झाली. अखेर मान मिळाला पणजीला. मुरगावचे नशीब उघडले ते एकोणिसाव्या शतकात, आगगाडीमुळे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ मध्ये करार झाला, मीटर मापाचा लोहमार्ग दूधसागराच्या कुशीतून घाट चढून कॅसलरॉकला गेला आणि १८८८ पासून घाटावरचा माल थेट धक्क्यावर उतरू लागला.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला आणि हिंदुस्थानच्या ब्रिटिश किनाऱ्याच्या मधोमध मुरगाव हे एक विचित्र बेट होऊन बसले. १९३९ मध्ये युद्ध पेटताच एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन व्यापारी जहाजे इथे आसऱ्याला आली. पुढे इटलीचे आन्फोरा त्यांच्यात मिळाले. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून ब्रिटिश जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले पोट सुटलेले मळेवाले आणि कंपन्यांचे साहेब अख्ख्या हिंदुस्थानला वळसा घालून आलेल्या फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून एरेनफेल्सवर चढले. कप्तान मारला गेला, जहाज बुडाले. बाकीच्या तिघांच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच बुडवली. ही हकीकत १९७८ पर्यंत गुलदस्त्यात होती. नंतर तिच्यावर पुस्तक आले, १९८० मध्ये ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट आला, ग्रेगरी पेक आणि रॉजर मूर गोव्यात चित्रीकरणाला येऊन गेले. महायुद्धातले मुरगाव म्हटले की आजही हीच एक रात्र सांगितली जाते.

त्यानंतर सातच महिन्यांनी याच बंदरात जे घडले, ते प्रस्तुत नोंदकाराच्या मते अधिक मोलाचे आहे आणि त्याची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. पॅसिफिक महासागरात एकमेकांची जहाजे तळाला धाडणारे जपान आणि अमेरिका हे दोन वैरी ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगावच्या एकाच धक्क्याला लागले, माणसांची अदलाबदल केली आणि आपापल्या वाटेने निघून गेले. एक गोळी सुटली नाही.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांचे हजारो नागरिक शत्रूच्या मुलुखात अडकून पडले होते. शांघाय, हाँगकाँग, मनिला इथे अमेरिकन मिशनरी, व्यापारी, शिक्षक, परिचारिका, तर अमेरिका खंडात जपानी वकिलातींचे लोक, पेढ्यांचे नोकर, विद्यार्थी आणि साधे दुकानदार. वैरी एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून अमेरिकेच्या वतीने स्वित्झर्लंड आणि जपानच्या वतीने स्पेन निरोप्याचे काम करत होते. पहिली अदलाबदल जुलै १९४२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या लॉरेन्सो मार्किश, म्हणजे आजच्या मापुतो बंदरात झाली. तेही पोर्तुगीजांचेच. दुसऱ्या खेपेला याद्यांवरून महिनोन्‌महिने घासाघीस चालली आणि जागा ठरली मुरगाव.

अमेरिकेच्या बाजूने ग्रिप्सहोल्म हे स्वीडनचे प्रवासी जहाज भाड्याने घेतले होते. १९२५ चे, डिझेल इंजिनावर अटलांटिक ओलांडणारे पहिले आलिशान जहाज. २ सप्टेंबर १९४३ ला ते न्यूयॉर्कहून निघाले, रिओ द जानेरो आणि मोंतेव्हिदेओला आणखी जपानी माणसे चढवून घेतली आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून अरबी समुद्रात शिरले. जपानच्या बाजूने आले तेइआ मारू. हे मूळचे अरामीस नावाचे फ्रेंच जहाज, १९४२ मध्ये जपानने सायगावला ताब्यात घेतलेले. योकोहामाहून निघून शांघाय, हाँगकाँग, फिलिपिन्स, सायगाव, सिंगापूर असे बंदराबंदराला माणसे गोळा करत ते आले. डेकवर पथाऱ्या पसरून झोपण्याची पाळी अनेकांवर आली, इतकी त्यावर गर्दी होती.

या दोन्ही जहाजांचा प्रवास म्हणजे त्या काळच्या समुद्राची उलटी बाजू होती. इतर जहाजे रात्री काचेला काळा कागद लावून, सिगारेटसुद्धा झाकून ओढत चालायची. ही दोन जहाजे लग्नघरासारखी लखलखत जात. ग्रिप्सहोल्मच्या कुशीवर जहाजाचे नाव, स्वीडनचे नाव आणि ‘डिप्लोमॅट’ हा शब्द पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला होता. तेइआ मारूवर पांढरे क्रॉस होते, रात्री दिव्यांनी उजळलेले. मार्ग आणि वेळापत्रक दोन्ही आरमारांना आधी कळवलेले असे. पाणबुडीच्या दुर्बिणीत ते जहाज नीट दिसावे, कारण दिसले तरच ते वाचणार, असा हा हिशेब होता.

तेइआ मारू १५ ऑक्टोबरला मुरगावला लागले, ग्रिप्सहोल्म दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकाच धक्क्यावर. मधले दोन-तीन दिवस याद्या जुळवण्यात गेले. एका डेकवरची माणसे दुसऱ्या डेकवरच्या माणसांकडे कठड्याला रेलून पाहत होती. १९ ऑक्टोबरला सकाळी शिड्या लागल्या आणि दोन रांगा निघाल्या, एक या जहाजातून त्या जहाजात आणि दुसरी उलटी. दोन्हीकडे सुमारे दीड-दीड हजार माणसे, हातात पेलेल तेवढे सामान.

तेइआ मारूवरून उतरलेल्यांच्या आठवणींत राजकारण थोडे आणि जेवण फार आहे. छावणीतला किडका भात खाऊन आलेल्या माणसांपुढे ग्रिप्सहोल्मच्या स्वीडिश आचाऱ्यांनी टेबले मांडली होती: पाव, लोणी, चीज, थंड मांसाचे काप, फळे. पानावर बसल्यासारखे कोणी बसले नाही, उभ्याउभ्याच खाणे सुरू झाले.

उलट्या रांगेतल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे ते माहीत नव्हते. त्यांच्यात अमेरिकेतल्या काटेरी तारांच्या छावण्यांतून आलेली कुटुंबे होती, पेरूसारख्या देशांतून उचलून आणलेली होती आणि ‘मायदेशी’ निघालेली अशी पोरे होती की ज्यांनी जपान कधी पाहिलाच नव्हता. कागदावर ते जपानी होते. शाळेतली भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश. अदलाबदलीच्या तराजूत माणसाच्या बदल्यात माणूस एवढेच वजन मोजले जाई.

तेइआ मारूवरून उतरलेल्यांत एमिली हान ही अमेरिकन लेखिका होती, कडेवर नुकतीच दोन वर्षांची होत असलेली मुलगी कॅरोला. मुलीचे वडील चार्ल्स बॉक्सर हे ब्रिटिश लष्करी अधिकारी हाँगकाँगच्या युद्धकैदी छावणीत अडकले होते. गंमत अशी की हेच बॉक्सर पुढे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडल्या साम्राज्याचे नामांकित इतिहासकार ठरले. ज्या गोव्याची कागदपत्रे त्यांनी आयुष्यभर चाळली, तिथल्या धक्क्यावरून त्यांची मुलगी आईच्या कडेवर गेली, तेव्हा ते स्वतः तुरुंगात होते. दोघांचे लग्न १९४५ मध्ये झाले.

माणसांबरोबर पेट्याही बदलल्या. ग्रिप्सहोल्मने रेड क्रॉसची औषधे आणि खाण्याची पाकिटे आणली होती, ती तेइआ मारूवर चढवण्यात आली. त्या पेट्या पुढे मनिलाला उतरल्या. तिथल्या सांतो तोमास छावणीतल्या कैद्यांना १९४३ च्या नाताळात जो डबाबंद खाऊ मिळाला, तो मुरगावमार्गे गेलेला होता. मुरगावच्या अदलाबदलीच्याच आठवड्यात, २१ ऑक्टोबरला, सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूरला आझाद हिंद सरकारची घोषणा केली. तेही एप्रिलमध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात जर्मन पाणबुडीवरून आय-२९ या जपानी पाणबुडीवर बदलून गेले होते. १९४३ साल हिंदी महासागरात अदलाबदलीचेच दिसते.

ग्रिप्सहोल्म १ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोचले. त्याचे पुढचे आयुष्य दीर्घ आणि सुखाचे: नाव बदलून बर्लिन झाले, १९६६ मध्ये ते भंगारात निघाले. जपानी जहाजांची गोष्ट निराळी. अदलाबदल संपली, क्रॉस पुसले गेले की तेइआ मारू पुन्हा सैन्य वाहणारे साधे लक्ष्य झाले. १८ ऑगस्ट १९४४ च्या रात्री, लुझोन बेटाच्या पश्चिमेला, खवळलेल्या समुद्रात रॅशर या अमेरिकन पाणबुडीने ते ज्या तांड्यातून चालले होते तो गाठला. त्या एका रात्रीत तायो ही जपानी विमानवाहू नौका गेली आणि तेइआ मारूही गेले. त्यावरची अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली. पहिल्या अदलाबदलीत लॉरेन्सो मार्किशला गेलेले आसामा मारू १ नोव्हेंबर १९४४ ला आटूल या पाणबुडीने बुडवले. नेताजींना घेऊन गेलेली आय-२९ जुलै १९४४ मध्ये सॉफिश या अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोला बळी पडली. युद्ध संपेपर्यंत जपानचे जे व्यापारी टनभार बुडाले, त्यातला निम्म्याहून जास्त भाग अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवला होता. पॅसिफिकच्या युद्धात मिडवेसारख्या विमानवाहू नौकांच्या लढाया गाजल्या. बेटांवर राहणाऱ्या देशाचे तेल, तांदूळ आणि लोखंड तोडले ते मात्र या पाणबुड्यांनी, पाण्याखालून, गाजावाजा न करता.

अभयपत्र असूनही जहाज वाचतेच असे नाही, हे १ एप्रिल १९४५ ला दिसले. रेड क्रॉसचे सामान पोचवून परतणारे आवा मारू हे जपानी जहाज धुक्यात क्वीनफिश या पाणबुडीला दिसले ते फक्त रडारवर, आणि रडारला पांढरा क्रॉस दिसत नाही. दोन हजारांवर माणसे बुडाली, एकच वाचला. पाणबुडीचा कप्तान चार्ल्स लॉफलिन याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. मुरगावची खेप निर्विघ्न पार पडली तिच्यामागे कागदपत्रांच्या चोखपणाइतकाच दैवाचाही वाटा होता, हे त्यावरून लक्षात येते.

बंदराच्या हकीकतीत हैदराबाद संस्थानही डोकावते. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आदिलाबादेतल्या गुडीहत्नूरपासून थेट कृष्णा-तुंगभद्रेपर्यंत पसरलेल्या निजामाच्या राज्याला एक हातभरही समुद्रकिनारा नव्हता. म्हणून १९४७ च्या सुमारास निजामाच्या दरबाराने मुरगाव मिळवण्यासाठी पोर्तुगीजांशी खटपट केली. ती साधली नाही. समुद्र नसला तरी निजामाच्या नावाची विनाशिका मात्र समुद्रावर होती: ऑस्ट्रेलियन आरमाराची निजाम, जुलै १९४० मध्ये स्कॉटलंडात जलावतरण झालेली. क्रीटच्या माघारीत आणि तोब्रुकच्या रसदीत ती होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाजवळ एका अजस्र लाटेने तिच्यावरचे दहा खलाशी ओढून नेले. २ सप्टेंबर १९४५ ला जपानने मिसुरी या अमेरिकन युद्धनौकेवर शरणागतीच्या कागदावर सही केली, तेव्हा टोकियोच्या उपसागरात नांगर टाकून उभ्या असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या ताफ्यात निजाम होती. गुडीहत्नूरच्या शेतकऱ्याने तेव्हा ज्याला शेतसारा भरला, त्याचे नाव अशा रीतीने शरणागतीच्या जागी हजर राहिले.

युद्धानंतर मुरगावचा सगळ्यात मोठा ग्राहक जपानच झाला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले लोहखनिज ट्रकांनी नदीकाठी येई, तिथून मांडवी आणि झुआरीतल्या सपाट तळाच्या बार्जांतून बंदरात उतरे आणि जपानी पोलाद कारखान्यांकडे रवाना होई. १९५० च्या दशकात चौगुले कंपनीने यंत्राने खनिज चढवण्याची सोय धक्क्यावर उभारली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि काही वर्षांतच मुरगाव देशाच्या मोठ्या बंदरांच्या यादीत आले. २०१२ मध्ये खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा शेकडो बार्ज मांडवीकाठी गंजत उभ्या राहिल्या. आता बंदरात कोळशाचे ढीग अधिक दिसतात आणि वास्कोच्या घरांच्या खिडक्यांवर त्याची काजळी बसते, यावरून गावात मोर्चे आणि जनसुनावण्या होत असतात.