रांगेतली जागा

साल १८९५. जर्मनीतल्या हाले शहरात, संगीतकार हेंडेलच्या नावाच्या रस्त्यावरच्या घरात, पन्नाशीचे गणितज्ञ गेओर्ग कॅन्टर लिहीत बसलेत आणि तुम्ही त्यांच्या मागे उभे आहात. कागदावर एका क्रम लावलेल्या संचासाठी ‘एम’ हे अक्षर, त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ. म्हणजे संचातल्या वस्तू कशाच्या आहेत ते विसरायचं, कोण कुणाच्या आधी येतं तेवढंच लक्षात ठेवायचं. दुसरी रेघ मारली की क्रमही जातो, उरतं ते निव्वळ किती. तुम्ही एका रेघेपाशीच थांबा.

लेखणी घ्या. डावीकडे ० आणि १ यांच्यामधले, छेद २, ४, ८ असा दुप्पट होत जाणारे अपूर्णांक लिहा: १/२, १/४, ३/४, १/८, ३/८… उजवीकडे याच टप्प्यातले सगळेच: १/२, १/३, २/३, १/४, ३/४, १/५, २/५… डावीकडे १/३ कधीच येणार नाही, त्यामुळे उजवी रांग कितीतरी भरलेली वाटते. तरी जोड्या लावा. १/२ ला १/२. १/४ त्याहून लहान, म्हणून उजव्या यादीत १/२ पेक्षा लहान भेटेल तो पहिला, १/३. ३/४ ला २/३, १/८ ला १/४. ३/८ हा १/४ आणि १/२ यांच्या मधला. त्याला १/३ आणि १/२ यांच्या मधलाच हवा. यादीत खाली उतरा, २/५ सापडतो. कुठेच अडत नाही, कारण कुठल्याही दोघांत तिसरा असतोच आणि टोकाला कुणी नाही. उजवीकडचाही कुणी सुटत नाही: उरलेल्यांत जो सर्वांत वर, त्याच्या फटीत डावीकडून कुणी आला की त्याची निवड ठरलेलीच. क्रम न मोडता एकास एक संगती पूर्ण! यादी करता येणारी, दाट आणि बिनटोकाची कुठलीही रांग परिमेय संख्यांच्या रांगेसारखीच, हे कॅन्टरनी त्याच वर्षी छापलं. मला हे प्रमेय आजही थक्क करतं.

आता १९१४. गणितज्ञ फेलिक्स हाउसडोर्फच्या संचांवरच्या जाडजूड ग्रंथात अंशतः क्रमित संचही आहेत, जिथे काही जोड्यांची तुलनाच होत नाही. तिथे जपून. १, २, ३, ६ यांत ‘भागतो’ हा क्रम घ्या, मग तेच आकडे लहान-मोठे म्हणून मांडा. प्रत्येकाला स्वतःशीच जोडा. जाताना क्रम टिकतो. परतताना २ हा ३ च्या आधी असतो, पण २ नं ३ ला भाग जात नाही. समरूपता, म्हणजे दोन्हींचा क्रम हुबेहूब सारखा, म्हणायची तर परतीची वाटही तपासावी लागते. सरळ रांगांत कॅन्टरना ती आपोआप मिळाली होती.