औषधी कोशाचा नवा वाचक

सप्लिमेंटची माहिती शोधून देणारे टूल एआय एजंटांसाठी तयार केले, की त्यासोबत एक टिपण लिहावे लागते. टूलचे नाव, त्याला काय विचारायचे, उत्तरात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, एवढाच त्याचा ऐवज. हे काम कालपरवाचे वाटते. पण त्याची वंशावळ काढू गेलो, तर आपल्याला छापखान्याच्याही मागे जावे लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने औषधी द्रव्यांवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. द्रव्ये त्याने गुणांप्रमाणे लावली होती आणि वर्णानुक्रमाची पद्धत त्याला साफ नापसंत होती. पुढे 512च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला याच ग्रंथाची एक देखणी सचित्र प्रत तयार झाली. ती आज व्हिएन्नात आहे, आणि तिच्यात वनस्पती चक्क वर्णानुक्रमाने आहेत! लेखक हरला आणि शोधणारा जिंकला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडच्या निघंटूंनी, म्हणजे औषधी कोशांनी, वेगळी वाट धरली. 1374चा मदनपाल निघंटू घ्या: द्रव्यांचे वर्ग, एकेका द्रव्याची अनेक नावे आणि गुणधर्म, सारे श्लोकांत. मात्र तो उघडणाऱ्याने, किंवा पाठ म्हणणाऱ्याने, ती वनस्पती गुरूजवळ पाहिलेली असणार हे गृहीतच होते. कोशात जे नाही ते वैद्याच्या डोक्यात आहे, या भरवशावर हे ग्रंथ लिहिले गेले.

या वाटेवरचा मला सर्वांत रमवणारा मुक्काम गोव्यात आहे. 1534मध्ये तिथे आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच आपला ग्रंथ छापला. हिंदुस्थानातली औषधे आणि मसाले हा त्याचा विषय. पण त्याने तो लिहिला संवादरूपाने. रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान युरोपातून येतो, ग्रीक-अरबी ग्रंथांचे दाखले देत एकेका द्रव्याबद्दल विचारत जातो. ऑर्ता त्या ग्रंथांची भीड न ठेवता, आपण इथे काय पाहिले ते सांगतो. विचारणाऱ्याला काय ठाऊक आहे, त्याची गफलत कुठे होते, हे सारे या मांडणीमुळे कागदावर उतरले. चारच वर्षांनी, 1567मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि त्यात संवादच काढून टाकला. युरोपभर पसरला तो हा संक्षेप. माहिती राहिली, पण रुआनो गेला. ऑर्ताच्या वाट्याला तर याहून वाईट आले: 1568मध्ये तो वारला आणि 1580मध्ये इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायासनाने त्याची हाडे उकरून जाळली.

त्यानंतरच्या शतकांवरून आपण भरभर पुढे जाऊ. 1912मध्ये कॅसिमिर फंकने व्हिटॅमिनची कल्पना मांडली आणि कोशातली नोंद वनस्पतीकडून मोजता येणाऱ्या घटकाकडे वळली. 1994च्या अमेरिकन कायद्याने सप्लिमेंटला अन्नाच्या वर्गात बसवले; परिणामकारकता आधी सिद्ध करून मग विक्री, ही औषधांची अट त्याला राहिली नाही. त्यामुळे सारा भार लेबलावर आला. या लेबलांचा सरकारी डेटाबेस तिथे 2013मध्ये खुला झाला. आज त्यात दोन लाखांहून अधिक लेबले आहेत, बाजारातून उठून गेलेल्या उत्पादनांचीसुद्धा. भारतात 1994च्या त्या कायद्याच्याच सुमारास निराळी घडामोड चालू होती. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995मध्ये दिले गेलेले अमेरिकन पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून 1997मध्ये रद्द करवले. त्यातून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. तो मुख्यतः पेटंट तपासनिसांसाठी आहे, वैद्यासाठी नाही. कोशाचा वाचक असा बदलत आला आहे.

2023मध्ये भाषा-मॉडेलांना बाहेरची टूल वापरण्याची रीतसर सोय मिळू लागली. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रोपिकने त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत जाहीर केली. टूल कधी वापरायचे, हे एजंट त्याचे वर्णन वाचून ठरवतो. क्लुसियसने घालवलेला रुआनो परतला म्हणायचा. फरक इतकाच, की याने औषधाची बाटली कधी हातात धरलेली नाही.

इथे एक उदाहरण जवळून पाहू. अमेरिकेतल्या जुन्या लेबलांवर ड जीवनसत्त्व आंतरराष्ट्रीय एककांत छापलेले असे; 2016च्या नियमाने ते मायक्रोग्रॅममध्ये आले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे 40 एकके. टूलने उत्तरात नुसते '1000' दिले, तर ती 1000 एकके, म्हणजे 25 मायक्रोग्रॅम, असू शकतात. एजंटाने तोच आकडा मायक्रोग्रॅम समजून घेतला, तर डोस 40 हजार एककांचा होतो. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा 4 हजारांची आहे. दुसरी अडचण मिश्रणांची. उत्पादकाच्या खास मिश्रणात एकूण वजन तेवढे छापायचे, प्रत्येक घटकाचे नाही, अशी मुभा अमेरिकी नियमांत आहे. तिथे टूलने रकान्यात शून्य घातले, तर घटक नाहीच असा अर्थ निघतो. खरे तर तो आहे, किती ते लेबल सांगत नाही. तिसरी अडचण धोक्यांची. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घेणाऱ्याला के जीवनसत्त्वापासून धोका असतो, पण टूलला तशी नोंद सापडेलच असे नाही. शोधात काही सापडले नाही याचा अर्थ निर्धोक असा नव्हे, हे टिपणात शब्दांत लिहावे लागते. निघंटूकाराला ते लिहावे लागले नाही, कारण वाचणारा वैद्य होता.

म्हणून माझे मत असे, की हे टिपण टूल तयार झाल्यावर उरल्या वेळात खरडण्याचे काम नाही. एकक, लेबलाची तारीख आणि 'माहीत नाही' असे सरळ सांगणारे उत्तर ज्या टूलच्या टिपणात नाही, ते एजंटाच्या हाती देऊ नये.