कप्तानाचे मौन

सफर संपून बोट बंदराला लागली, की खलाशाचा हिशेब चुकता होई. पगाराबरोबर त्याच्या हाती आणखी एक वस्तू परत येई, आणि पुष्कळांच्या लेखी ती पगाराहूनही मोलाची असे. ती म्हणजे त्याची नोकरीची वही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ही सलग वही 1900 साली सुरू झाली. त्यापूर्वी प्रत्येक सफरीचा सुटा दाखला मिळत असे. वहीत बोटीचे नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा आणि शेवटी दोन रकाने: एक कामातील कसबाचा, दुसरा वर्तणुकीचा.

दोन्ही रकान्यांत 'व्हेरी गुड' उमटले, की माणूस निर्धास्त. नुसतेच 'गुड' पडले तर? शब्दकोशाप्रमाणे तीही स्तुतीच; परंतु सर्वांनाच 'अत्युत्तम' म्हणण्याचा प्रघात पडल्यावर 'उत्तम' हा ठपका ठरतो. सर्वांत भयंकर शेरा मात्र निराळाच होता: 'डिक्लाइन टु रिपोर्ट', म्हणजे अभिप्राय देण्यास नकार. त्यात आरोप नाही, म्हणून खंडनही नाही. हा मनुष्य दारू प्याला, चोरी केली, की कप्तानाशी शब्दाला शब्द झाला, ते वाचणाऱ्याने खुशाल कल्पावे!

कप्तानाला ही मुभा कायद्यानेच दिली होती. 1894 च्या ब्रिटिश व्यापारी नौकानयन कायद्यातील 129 व्या कलमाप्रमाणे त्याने खलाशाच्या वर्तनाचा अहवाल लिहावा, अथवा आपण मत देत नाही असे नमूद करावे. उलट, खलाशाने दाखल्यात खाडाखोड केली, किंवा दुसऱ्याचा दाखला आपला म्हणून दाखविला, तर तो गुन्हा.

ही विषमता समुद्रावर जन्मली नव्हती. इंग्लंडात घरगड्यांच्या खोट्या शिफारशींचा सुळसुळाट झाला, तेव्हा 1792 साली खोटे चारित्र्यपत्र देणाऱ्यास व वापरणाऱ्यास 20 पौंड दंडाचा कायदा झाला. पण खरे पत्र लिहिण्यासच धनी नकार देईल तर? 1800 साली असे गाऱ्हाणे न्यायासनापुढे आले. धन्यावर चारित्र्यपत्र देण्याचे कायदेशीर बंधन नाही, असा निर्णय सरन्यायाधीश लॉर्ड केनियन यांनी दिला. पत्रावाचून नोकरी नाही, आणि पत्र मागण्याचा हक्कही नाही, अशी ती कोंडी होती.

गोव्यातील तारवट्यांना ही कोंडी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून हजारो गोवेकर राबले. दोन सफरींच्या मधल्या काळात ते धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावच्या कुडीत पेटी ठेवून बोलावण्याची वाट पाहत. बोटी मोजक्या, माणसे अगणित. त्यामुळे भरती करणाऱ्या मध्यस्थांचे हात ओले करावे लागत. हिंदी खलाशांच्या भरतीतील ही लाचलुचपत 1931 च्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही नोंदली गेली. अशा गर्दीत ज्याची वही डागाळलेली, त्याला बाजूला सारणे किती सोपे! शिवाय मोठ्या बोटीवर कप्तान प्रत्येक नोकराला ओळखील कसा? त्याची सही म्हणजे बहुधा वरिष्ठ स्टुअर्डच्या मर्जीवर उठलेली मोहोर. घरी मात्र वर्षभराचा संसार त्या मोहोरेवर चाले.

धन्याने खोटे सांगितले काय, एवढेच कायदा दीर्घकाळ विचारीत राहिला. वाईट लिहिणाऱ्या धन्यावर बदनामीचा दावा करावा, तर त्याच्या मनातील द्वेष सिद्ध करावा लागे. आणि द्वेष कागदावर क्वचितच सापडतो. लिहिण्यापूर्वी त्याने चौकशी केली होती काय, हा प्रश्न निर्णायक ठरला तो थेट 1994 साली, तोही बोटीवरच्या माणसासाठी नव्हे. विमा विकणाऱ्या एका गृहस्थाविषयी जुन्या मालकाने अप्रामाणिकपणाचा शेरा पाठविला होता. द्वेष सिद्ध झाला नाही, बेफिकिरी झाली. पूर्वीच्या नोकराविषयी लिहिताना वाजवी काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले. पत्र लिहिलेच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन मात्र त्या निकालानेही घातले नाही.